विसू भावजींची चार बोटं

टेम्पो भरून झाला की आमचे विसू भावजी भर रस्त्यात आडवे व्हायचे. अंगाखाली गोणपाट टाकायचे, पाठीवर सरपटत मागच्या चाकांमध्ये शिरायचे आणि बाहेर फक्त त्यांच्या चपला दिसायच्या. येणारे-जाणारे थबकायचे. एकदा एका बाईंनी "अगो बाई, माणूस गेला खाली!" म्हणून अशी बोंब ठोकली की अख्खी गल्ली जमा झाली. भावजी आतूनच ओरडले, "गेलंय नाय गे बाय, मापतंय!"

मापायचे काय, तर चार बोटं. टेम्पोचा सगळा भार मागच्या लोखंडी पाट्यांवर असतो. माल चढला की पाटे दबतात, आणि चाकांचा दांडा वरच्या रबरी ठोकळ्याला भिडायला बघतो. त्या दांड्याच्या आणि रबराच्या मधल्या फटीत भावजी आपला पंजा आडवा घालायचे. चारही बोटं सुखाने मावली तर गाडी निघायची. तीनच मावली तर काहीतरी खाली उतरायचं, मग मालवाला कितीही कावला तरी. "चार बोटा जागा होयी, वयनी," मला म्हणायचे. "कमी झाली तर गाडी आपली नाय, उताराची."

विसू माझे धाकटे दीर. मी गिरगावात वाढलेली, लग्न करून घाटकोपरला डोंगराच्या पायथ्याच्या चाळीत आले. घरात सगळे मालवणी बोलणारे. माझी पुस्तकी भाषा ऐकून भावजी मला "मास्तरीणबाई" म्हणून चिडवायचे आणि मीही त्यांना सोडत नसे. आमचे हे गिरणीत होते. संप झाला, गिरणीचं दार बंद झालं ते झालंच. दोन वर्षं ह्यांनी मिळेल ते केलं, शेवटी माझे दागिने आणि गावचं थोडं काहीबाही विकून एक जुना डिझेलचा पिकअप टेम्पो घ्यायचं ठरवलं. गाडी चालवणार भावजी, धंदा बघणार हे. भावजींनी आधी दुसऱ्यांच्या ट्रकवर पुष्कळ वर्षं काढली होती, त्यामुळे त्या घरात ह्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा असायला हवा होता. तसा तो काही दिवस होताही.

गाडी बघायला आम्ही सगळेच गेलो होतो. विकणारा एजंट गाडीच्या बॉनेटवर थाप मारून म्हणाला, "काय पण भरा हो. हत्ती चढवा, हत्ती!" भावजी त्याच्याकडे बघतसुद्धा नव्हते. ते गुडघ्यांवर बसून चाकामागे डोकावत होते. तसेच बसल्या बसल्या म्हणाले, "हत्ती चढयशात हो तुमी. पण उतारार त्येका धरतलो कोण?" एजंट हसला. मीही हसले. मग भावजींनी टेम्पोच्या कुशीवर पांढऱ्या रंगात लिहिलेलं वजन हाताने पुसून वाचलं आणि विचारलं, "ह्या पाठीवरच्या ओझ्याचा झाला. शेपटाक बांधलेल्या ओझ्याचा खंय लिवलाहा?" एजंटला प्रश्नच कळला नाही. टेम्पोच्या मागे काहीतरी बांधून ओढायचं हे तेव्हा आमच्या कोणाच्या डोक्यातही नव्हतं. भावजींच्या डोक्यात ते कुठून आलं, देव जाणे.

माणूस असा गंभीर नव्हता हां. महा खट्याळ. पहिल्यांदा मी टेम्पोत पुढे बसायला गेले तर म्हणतात, "वयनी, तुमी पाठी बसा. फुडचो पाटो नवो घातलोहा." माझं डोकं असं फिरलं की दोन दिवस त्यांना कालवणात माशाची फक्त शेपटी वाढली. तिसऱ्या दिवशी स्वतःच बाजारातून सुरमई घेऊन आले आणि दारातून म्हणाले, "ह्या वजन तरी चलात मा?" काय बोलणार अशा माणसाला?

वाकोल्याच्या एका ख्रिश्चन मास्तरांचं घर चेंबूरला हलवायचं होतं. मास्तर म्हातारे, कोकणीमिश्रित मराठी बोलणारे, एकटे. सामान पुष्कळ, त्यात एक अवाढव्य लोखंडी कपाट. मास्तर हात जोडून म्हणाले, "विसू, एका खेपेत बसव रे बाबा, दोन भाडी नाय परवडायची." भावजी खाली आडवे झाले, तीन बोटं मावली, बाहेर आले आणि कपाट उतरवलं. दुसरी खेप फुकट केली. घरी आल्यावर हे खवळले. डिझेल काय आपल्या नळाला येतं काय, असं काहीतरी म्हणाले. भावजी जेवता जेवता शांतपणे म्हणाले, "दादा, एक खेप लोभाची, दोन खेपो धंद्याच्यो."  त्या वेळी घरात अजून भावजींचं चालत होतं.

मग कांतीशेट आला. मंडप-डेकोरेशनवाला, आमच्याच स्टेशनजवळ त्याचं गोदाम. लग्न, सत्यनारायण, गणपती, नवरात्र, बारा महिने काम. त्याने टेम्पो कायमचा बांधून घेतला आणि घरात पहिल्यांदा महिन्याच्या शेवटालाही डाळीसोबत भाजी शिजायला लागली. खोटं कशाला बोलू, मीही देवापुढे साखर ठेवली. पण कांतीशेटचा माल जड. लोखंडी खांब, फळ्या, गाद्या, भट्ट्या. आणि डोंगरावरच्या वस्त्यांत वीज जायची म्हणून त्याने एक जनरेटर घेतला, दोन चाकांच्या गाड्यावर बसवलेला. तो टेम्पोच्या मागे बांधून न्यायचा. साकीनाक्याच्या वेल्डरकडून ह्यांनी टेम्पोला मागे हूक मारून आणला. भावजींनी तो हूक हाताने ओढून बघितला, पायाने दाबून बघितला आणि हात धुवायला गेले.

त्या रात्री जेवताना मला म्हणाले, "गाडी किती ओढता ह्या कोणय सांगीत, वयनी. किती थांबयता ता कोण सांगणा नाय." आणि मग, "चढताना इंजिन रडता, उतरताना माणूस."

आता बोटं तीनच मावायला लागली. कधी अडीच. भावजी माल उतरवायला लावायचे, कांतीशेट ह्यांच्याकडे तक्रार करायचा, हे भावजींवर चिडायचे. शेवटी कांतीशेटच्या ओळखीच्या मिस्त्रीने तोडगा काढला: पाटे वाढवा. असं तेव्हा सगळेच करायचे. मागच्या जोडीत जाड पाटे जादा घातले की गाडी दबत नाही, ताठ उभी राहते, बघणाऱ्याला वाटतं, वा! हे गाडी घेऊन आले ते हसतच. "विसू, जा, माप आता. चार सोड, सहा बोटं मावतील!"

माल भरलेलाच होता. भावजी खाली गेले. बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले ते गोणपाट झटकत उभे राहिले. बोटं मावली होती, चारच्या चार, वर जागा शिल्लक. पण चेहरा असा की कोणी मेल्याची बातमी आलीय.

"दादा," ते म्हणाले, "आदी ती माका सांगायची. जड झाला काय सांगायची. तू तिचा तोंड बांधलंस. पाटे वाढले म्हणान ब्रेक वाढले काय?"

"तू नुसता भित्रा झालायस," हे म्हणाले.

मी मध्ये पडले, म्हटलं, "अहो, गाडी त्यांना कळते, तुम्हाला नाही." तर माझ्यावरच डाफरले. माझ्या नवऱ्याला मी वाईट म्हणणार नाही. दोन वर्षं रिकामा बसलेला माणूस होता तो, पुन्हा रिकामं बसायची त्याला मरणाची भीती होती. पण ती भीती त्याने चुकीच्या जागी खर्च केली, हे मी त्याच्या तोंडावरही बोललेय.

त्यानंतर भावजी बदलले. रस्त्यात आडवे होणं बंद झालं. आता मापून उपयोगच नव्हता. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या कपड्यांना तापलेल्या ब्रेकचा, जळक्या रबरासारखा वास यायचा, साबणाने जात नसे. चिडवणं बंद, माशाच्या बाजाराला जाणं बंद. एकदा ते जेवत होते, आणि माझं सहज लक्ष गेलं. पाटावर बसलेल्या भावजींचा उजवा पाय लांब होऊन फरशी दाबत होता. सोडत होता, पुन्हा दाबत होता. त्यांना स्वतःला पत्ताही नव्हता.  म्हटलं, "भावजी, सोडा हे काम. आपण उपाशी नाही मरणार." तर म्हणाले, "मी सोडलंय तर दादा चालवतलो. त्येका धड रिव्हर्स घेवक येणा नाय." 

डोंगरावरच्या वस्तीत एक मोठं लग्न होतं. माल वर नेताना भावजींनी भांडून दोन खेपा केल्या, जनरेटर वेगळा. लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी कांतीशेटचा निरोप आला की सगळं एकाच खेपेत खाली आणा, दुपारी मुलुंडला दुसरा मंडप उभा करायचाय, जमत नसेल तर सांगा, टेम्पो पुष्कळ पडलेत. भावजी म्हणाले, जमत नाही म्हणून सांग. ह्यांनी खिळ्यावरची चावी काढली. "तू बस घरात. मी आणतो."

मी दारात उभी होते. भावजींनी ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. उठले, सदरा घातला. "दी चावी. तू बाजूक बस," म्हणाले. जाताना मला सांगून गेले, "पेज करा आज, वयनी. तोंडाक चव नाय."

पुढचं मला ह्यांनी सांगितलं, आणि कांतीशेटच्या हमालाने, महादूने, तोही टेम्पोत होता. वर सगळं भरलं, मागे जनरेटर बांधला. उताराच्या तोंडाशी भावजींनी गाडी थांबवली. सिमेंटचा सरळ उतार, डाव्या हाताला डोंगराचा कापलेला खडक, आणि खाली रस्ता वळतो तिथे सार्वजनिक नळ. पाण्याची वेळ होती, बायका-पोरं रांगेत. भावजींनी ब्रेक एकदा दाबला, दुसऱ्यांदा दाबला आणि म्हणाले, "दोघाय उतरा. पाठसून चला. महादू, वाटेतली पोरा बाजूक कर. दादा, तू तो दगड घे. मी थांबलंय काय चाकाच्या फुड्यात टाक."

हे उतरले. दगड घेतला. टेम्पो पहिल्या गिअरमध्ये हळूहळू निघाला, हे मागून चालत. मग थोडं भरभर चालावं लागलं. मग धावावं लागलं. मागचा जनरेटर टेम्पोला ढकलत होता, इंजिन किंचाळत होतं, आणि मग एकदम किंचाळायचं थांबलं, कारण गिअर सुटला होता. भावजी हॉर्न वाजवत सुटले. बायका हंडे टाकून पळाल्या, पण सगळ्यांना पळायला जागा नव्हती. भावजींनी टेम्पो डावीकडे खडकावर घातला. टेम्पो थांबला. मागचा जनरेटर थांबला नाही, माल ढकलत भावजींवर गेला.

नळावर कोणाला खरचटलंही नाही.

हे घरी आले ते पोलिसांबरोबर. चुलीवर पेज होती. मी काही विचारायच्या आधीच मला कळलं, कारण भावजी बरोबर नव्हते आणि ह्यांच्या हातात एक दगड होता. वरपासून खालपर्यंत, तिथून पोलिस ठाण्यात, तिथून घरी, दगड हातातच. मी तो सोडवायला गेले तर मूठ उघडेना. "पोचलो नाय गं," एवढंच म्हणत होते. "मी धावलो, पण पोचलो नाय."

टेम्पो भंगारात गेला. ह्यांनी पुढे एका शाळेत शिपायाची नोकरी केली आणि पुन्हा कधी कुठल्या गाडीत पुढे बसले नाहीत. पण ते एक वाक्य काही सुटलं नाही. चहा पिता पिता म्हणायचे, झोपेत म्हणायचे, थोडा जोरात धावलो असतो तर? मी समजूत घालायचे, विषय बदलायचे, चिडायचे. वर्षानुवर्षं हेच.

एका वर्षी भावजींच्या श्राद्धाचं पान वाढून झालं, आणि हे पुन्हा तेच म्हणाले. माझा संयम संपला. म्हटलं, "अहो, भरलेला टेम्पो आणि त्यामागे जनरेटर. हातात मावणाऱ्या दगडाने तो थांबतो का? भावजींना हे कळत नव्हतं? रस्त्यात आडवं पडून बोटांनी वजन मापणाऱ्या माणसाला? त्यांनी नुसतं उतर म्हटलं असतं तर तुम्ही उतरला नसतात. म्हणून हातात काम दिलं तुमच्या."

 हे भिंतीला टेकून, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, भावासाठी मोठ्याने रडले. मी थांबवलं नाही. त्यानंतर त्यांनी तो प्रश्न कधी विचारला नाही.