मन्याडच्या अंगावरचा डाग

अहमदपूरच्या स्टँडवर नांदेडच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला कम्प्युटरचा डबा होता. भांडी, शिलाई मशीन, कपडे, सगळं आदल्या दिवशी जावयांनी टेम्पोतून नेलं होतं. हा डबा मात्र मी दिला नाही. कंडक्टर म्हणाला, "मावशी, खाली ठिवा की ते. एवढं काय हाय त्यात?"

म्हणलं, "घरचं माणूस हाय."

"मंग तिकीट लागंल. तुम्ही बाईमाणूस, तुमचं अर्धं. ह्यांचं पुरं."

सगळी गाडी हसली, मीही हसले. खिडकीखाली शेजारची कमल उभी होती. "नांदेडलाच चाललीस गं, अमेरिकेला न्हाई," असं ती मला बजावत होती आणि पदर स्वतःच्याच डोळ्याला लावत होती.

बायांनो, तुमच्यातल्या कुणाची लेकरं खरंच अमेरिकेला गेली, कुणी तुम्हीच पुण्याला गेलात. तुम्हाला वाटेल, ही दोन तासांच्या वाटेचं काय कौतुक सांगून राहिली! खरं आहे. पण तुम्ही गेलात तरी मागं तुमचं दार होतं. माझं दार मी निघाले त्याच महिन्यात विकलं. एकटीनं राहू नको म्हणून लेकीनं, शोभानं, हट्टच धरला होता. लेकीच्या घरी कायमचं राहायला जायचं म्हणजे आमच्याकडं लोक काय बोलतात ते तुम्हाला माहीत आहे. गल्लीतली एक म्हातारी मला तोंडावर म्हणाली, "पाहुणी म्हणून जा, पाहुणीसारखी ऱ्हा." ते मी पदराला गाठ मारून आणलं.

आता डब्यातल्या माणसाचं सांगते.

शोभाचे अप्पा, म्हणजे माझे मालक. सगळी गल्ली त्यांना अप्पा म्हणायची, मग मीही तेच म्हणू लागले. त्यांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, महादेव रेडिओ. पुढं दुकान, मागं आमच्या दोन खोल्या. मी ब्लाऊज शिवायची. पुढं पुढं लोक बिघडलेला टीव्ही दुरुस्त करून घ्यायचे बंद झाले, नवाच आणायचे. अप्पांच्या हाताला काम राहिलं नाही. मग एक जुना कम्प्युटर त्यांनी खोलून नीट केला आणि त्यात त्यांना ते सापडलं.

काय सापडलं? एक फुकटचं सॉफ्टवेअर, ज्यात अख्खं आभाळ. इथं खुर्चीत बसून चंद्रावर उतरा, शनीच्या कड्याला वळसा घाला. त्यातली यानं जगभरातले हौशी लोक आपापली बनवतात आणि एकमेकांना वाटतात. पैसा नाही, अडका नाही. रीत एकच, ज्यानं बनवलं त्याचं नाव लावायचं, आणि त्यात बदल करायचा तर आधी त्याला विचारायचं.

अप्पांनी महिनाभर खपून एक यान बनवलं. नुसत्या तारांचा सांगाडा. मला बोलावून म्हणाले, "कसं हाय?"

"नागडं हाय."

"मंग कापडं शिव की त्याला. शिंपीण हायस ना?"

ती त्यांची थट्टा होती. पण पडद्यावर त्यांनी जे दाखवलं ते बघून मला हसू फुटलं. यानाचं कातडं आधी उलगडून सपाट करायचं, मग त्यावर रंग, गंज, पत्र्याचे जोड असं चित्र चढवायचं. गोल अंगाचं सपाट कापड! मी जन्मभर दुसरं केलं काय? पाठ, पुढा, बाही. शिवण काखेत लपवायची, म्हणजे समोरून दिसत नाही. मी यानाच्या सगळ्या शिवणी पोटाखाली घेतल्या. अप्पांनी यान सगळीकडून फिरवून बघितलं. मग म्हणाले, "च्यामायला, हे मला कुणी सांगितलंच न्हाई."

त्या दिवसापासून सांगाडा त्यांचा आणि कातडं माझं.

सगळ्यात मोठं यान केलं त्याचं नाव मन्याड ठेवलं, आपल्या नदीवरून. माल वाहणारं, म्हातारं, लई फिरलेलं यान. त्याला नवं कोरं कातडं शोभलं नसतं. म्हणून आम्ही घरातल्या घरात फोटो काढत फिरलो. दुकानाच्या शटरचा गंज, न्हाणीचा पत्रा, मागच्या खोलीची नीळ-चुन्याची भिंत. भिंतीचा रंग काढून घेतला, पोत तेवढा ठेवला, तर अगदी जुना धातू वाटायला लागला. मी ते बेतलं माझ्या सवयीनं. कापड वाचवायला दुहेरी घडी घालून डावं-उजवं एकदाच कापतात ना, तसं. एकच तुकडा, इकडून सुलटा, तिकडून उलटा.

मन्याड लोकांना आवडलं. कुठले कुठले लोक अप्पांना "मिस्टर रेडिओ" म्हणून लिहायचे. एकानं विचारलं, असा गंज तुम्ही कसा साधला? अप्पा म्हणाले, "त्याला म्हणावं, अहमदपूरला ये, आंघोळीचं पाणी दाखवतो, पत्रा खातंय ते."

मग अप्पा गेले. दुपारी जेवून टेकून बसले होते, तसेच.

आमच्यात, लिंगायतांत, जाळत नाहीत. माणसाला बसवून मातीत ठेवतात. कपाळाला विभूती, तळहातावर लिंग, आजूबाजूला बेलाची पानं. मी वाकून बघितलं तर खड्ड्याच्या भिंतीला पाठ लावून ते घरात बसायचे तसेच बसले होते. तेच दृश्य माझ्याबरोबर नांदेडला आलं. जळून गेलेलं माणूस गेलेलं असतं. बसवलेलं माणूस कुठंतरी बसून आहे, असंच मनाला वाटत राहतं.

नांदेडला शोभा शाळेत, जावई ऑफिसात. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. दुपारी मी एकटी. एक दिवस डबा जोडला आणि मन्याड उघडलं. सूर्य एका बाजूनं येत होता, यान हळूहळू वळत होतं. उजेड अंगावरून सरकत सरकत आला आणि एका जागी काळपट गोल डाग उमटला.

तो अप्पांच्या डोक्याचा डाग होता. मागच्या खोलीत ते रोज एकाच जागी टेकायचे, तेल लावलेलं डोकं भिंतीला. मी ओरडायची, "भिंत चुन्याची हाय आन डोकं तेलाचं." ते म्हणायचे, "तेल तूच लावतीस." फोटो काढताना तो दोघांच्याही ध्यानात आला नव्हता. रंग निघून गेला, डाग राहिला. यान वळलं तर पलीकडच्या अंगालाही तसाच. माझी दुहेरी घडी! तिथं अंधारात दोन माणसं पाठीला पाठ लावून बसल्यासारखी.

त्यानंतर पहिल्या पुण्यतिथीला अहमदपूरला गेले. घर पाडून तिथं गाळे काढलेत. माझी भिंत होती तिथं मोबाईलची कव्हरं टांगलेली. म्हणजे ती भिंत आता एकाच जागी उरली होती.

मी रोज बसू लागले. त्या हौशी लोकांचं यानं वाटायचं, गप्पा मारायचं एक पान होतं, तेही अप्पांच्या नावानंच उघडायचं, त्यांचा पासवर्ड कम्प्युटरला पाठ होता. उघडलं की त्यांच्या नावापुढं हिरवा दिवा लागायचा, म्हणजे माणूस आता इथं हजर आहे. कुणी लिहिलं, मिस्टर रेडिओ, कसे आहात? फोनवर अर्थ लावून मी उत्तर द्यायची, बरा आहे, धन्यवाद. खोटं बोलते असं कधी वाटलंच नाही. दिवा लागलेला असायचा ना!

तीन वर्षं असं चाललं. मग टोमाश नावाच्या पोलंडच्या माणसाचं पत्र आलं. त्यानं अदबीनं लिहिलं होतं. सॉफ्टवेअर नवं आलंय, जुनी यानं त्यात चालत नाहीत, थोड्या दिवसांत जुनं कुणी उघडणारही नाही. मन्याड मी नव्यात बसवून सगळ्यांना वाटू का? तुमची परवानगी हवी. आणि एक विनंती, त्याच्या दोन्ही बाजूंना एक गोल काळा डाग आहे. चुकून आलेला दिसतो. मी तिथं स्वच्छ धातू घालतो. मुद्दाम ठेवला असेल तर कारण सांगा, मग हात लावणार नाही.

कारण सांगा! हो म्हणावं तर डाग पुसला जाणार. नाही म्हणावं तर यानच जुन्यात पडून मरणार. आणि डाग ठेव म्हणावं तर तो कुणाच्या डोक्याचा, ते डोकं आता कुठं आहे, हे सांगणं आलं. जगात एवढ्या एकाच ठिकाणी अप्पा गेलेले नव्हते, आणि तिथं मीच जाऊन ते गेले म्हणून सांगायचं.

आठवडाभर मला जेवण गेलं नाही. शोभानं शेवटी हाताला धरून बसवलं. मी सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, म्हातारी चित्रं बघून वेळ घालवते.

"तीन वर्षं तू अप्पांच्या नावानं बोलून राहिलीस?"

"हाव."

"अव्वा, सांगून टाक त्यांना. अप्पा गेले म्हणून."

"तिथं न्हाई गेले."

तिनं तोंड फिरवलं. मला वाटलं रागावली. मग तिचा आवाज एकदम लहानपणीसारखा झाला. "मंग मला का न्हाई सांगितलंस? मला बी लिहायचं होतं की त्यांना. हिरवा दिवा बघून मी बी लिहिलं असतं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुःखावर माझाच हक्क असल्यासारखी मी दार लावून बसले होते, आणि माझी लेक बाहेर उभी होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी सांगत गेले, शोभा इंग्रजीत लिहीत गेली. लिहिलं ते असं. टोमाश बाळा, मी मिस्टर रेडिओ नाही, त्यांची बायको. ते जाऊन तीन वर्षांवर झाली. तुला उत्तरं मी देत होते, त्याची माफी. तो डाग चूक नाही. ती आमच्या घराची भिंत आहे आणि तिथं ते डोकं टेकायचे. घर आता राहिलं नाही. जमलं तर राहू दे.

बटण शोभानं दाबायचं ठरलं होतं, पण तिचं बोट हलेना. मग मीच दाबलं. दोघी बघत राहिलो. अप्पांच्या नावापुढचा दिवा हिरवाच होता. त्या मुक्या दिव्याचं मला इतकं भ्या कधीच वाटलं नव्हतं. मी कम्प्युटर बंद करायला लावला.

टोमाशचं उत्तर मंगळवारी आलं. माझ्याही वडिलांची खुर्ची ते गेल्यापासून तशीच आहे, असं त्यानं सुरुवातीला लिहिलं होतं. मग कामाचं. नव्यात दोन्ही बाजू वेगळ्या करता येतात. डाग खरा कुठल्या बाजूचा? दुसऱ्याचं काय करू? आणि नाव-गाव सांगा, कातडं तुमचं आहे तर तुमचंही नाव यायला हवं.

कापडाची सुलट बाजू मला डोळे मिटून कळते. त्या भिंतीत कॅलेंडरचा खिळा होता, अप्पांच्या डोक्याच्या डाव्या अंगाला. यानावर त्या खिळ्याची खूण शोधली. उजवीकडं ती त्याच अंगाला होती, म्हणजे तोच डाग खरा. डावीकडचा मी घडी घालून केलेला, त्याला अप्पांचं डोकं कधी लागलंच नव्हतं.

"डावा पुसून टाक म्हणावं," मी म्हणाले.

शोभानं माझ्याकडं बघितलं. "नक्की?"

"अप्पा एकच होते."

ती लिहू लागली. माझं पूर्ण नाव, शिवकांता, तिनं टाकलं. अप्पांच्या नावापुढं अहमदपूर टाकलं. मग माझ्या नावाशी येऊन थांबली. "तुझ्या गावाचं काय लिहू, अव्वा?"

आमची जमीन नव्हती, वाडा नव्हता. गाव म्हणजे ती मागची खोली आणि तिथं बसलेला माणूस. खोली पाडली. माणूस मातीत बसला, तो काही उठून माझ्याबरोबर यायचा नाही. आणि इथं माझ्यासमोर माझी लेक बसली होती, डोळे पुसून पुसून नाक लाल झालेली, मी लसूण खात नाही म्हणून तीन वर्षं भाजी बिनलसणाची करणारी. विचार करता करता मी मागं सरकले आणि डोकं भिंतीला लागलं. गार लागलं. तेव्हा कळलं, या घरात मी आजवर कधी टेकले नव्हते. पलंगाच्या कडेला, खुर्चीच्या टोकाला, ताठ. गाडी आली की उठायचं, अशी.

शोभा म्हणाली, "पाठीला उशी देऊ का?"

"नको. बरं हाय असंच." मी डोकं तसंच टेकून ठेवलं. मग मी म्हणाले, "नांदेड लिही."