फाटकाबाहेरचे रविवार

पाठीच्या कण्यातली गाठ काढली, त्यात माझा जीव वाचला आणि पाय गेले. तेव्हा मी शाळेत भूगोल शिकवत होते. पुढे शाळा सुटली, तिसऱ्या मजल्यावरचं घर सुटलं आणि आम्ही नवरा-बायको कात्रजच्या बाजूला तळमजल्यावरच्या एका भाड्याच्या घरात आलो. घर नवऱ्यानेच निवडलं होतं. दाराला उंबरा नव्हता, न्हाणीघरात माझी चाकांची खुर्ची वळत होती आणि कोपऱ्यावर बाग होती. सामान लावता लावता तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, "बाग जवळ आहे, तुला रोज जाता येईल."

पहिल्याच संध्याकाळी आम्ही गेलो. फाटकात लोखंडी नळ्या रोवून नागमोडी वाट केलेली होती, दुचाकीवाले आत घुसू नयेत म्हणून. माणूस अंग चोरून, वळत वळत आत जाई. स्कूटर जात नसे, आणि माझी खुर्चीही जात नव्हती. शेजारी मोठं फाटक होतं, त्याला कुलूप. ते पाचोळा न्यायला ट्रॅक्टर आला की उघडायचं.

"थांब," नवरा म्हणाला आणि त्याने मला उचललं. वॉचमनने खुर्ची घडी करून नळ्यांवरून पलीकडे दिली. आतल्या बाकावरच्या एक बाई म्हणाल्या, "किती प्रेमाने करतात हो तुमचं!" त्यांचं काही चुकलं नव्हतं. तो प्रेमानेच करायचा. मीही हसून मान डोलवायचे.

पण हळूहळू मी बागेत जाणं टाळायला लागले. आज डोकं दुखतंय, आज ऊन फार आहे. तो ऑफिसला गेला की मात्र मी खुर्ची ढकलत फाटकापर्यंत जायचे आणि बाहेरच फुटपाथवर, सावलीत बसून आतली झाडं बघायचे.

तिथे एक काका कठड्यावर बसलेले असायचे. बँकेत टेलिफोन ऑपरेटर होते, आता निवृत्त. जन्मापासून त्यांना दिसत नव्हतं. त्यांचं माझ्याशी पहिलं वाक्य होतं, "तुमच्या खुर्चीचं डावं चाक कुरकुरतंय. तेल घाला."

"तुम्ही आत का नाही जात?" मी विचारलं.

"गेलो होतो ना. नळ्यांनी नडगी फोडली. आत पायवाटेच्या कडेला उघडं गटार आहे, उरलेलं त्याने केलं. तुम्ही?"

"मला नवरा उचलून नेतो."

"म्हणजे तुम्ही जात नाही. तुम्हाला नेतात."

मला त्यांचा राग आला. दुसऱ्या दिवशी चाकाला तेल घालून मी पुन्हा तिथेच गेले.

फाटकाबाहेर बसून गोष्टी सांगायची कल्पना त्यांचीच. महापालिकेला अर्ज देऊन ते कंटाळले होते. म्हणाले, "अर्जाला माणसं थांबत नाहीत, गोष्टीला थांबतात."

"पुण्यात थांबतील?"

"पुण्यात तर नक्की. आपली चूक काढायला तरी थांबतील."

मग रविवारी सकाळी, बागेत फिरायला येणाऱ्यांच्या वेळेला, आम्ही दोघं फाटकाच्या बाहेर बसलो. काकांनी घसा साफ केला आणि कोणी समोर नसतानाच गोष्ट सुरू केली: लग्नाआधी त्यांना बघायला आलेल्या मंडळींनी सगळे प्रश्न त्यांच्या आईला कसे विचारले, आणि शेवटी मुलीनेच कसं म्हटलं, "अहो, यांना विचारा की." "त्या मुलीशीच मी लग्न केलं," काका म्हणाले, तोवर चार-पाच जण उभे राहिले होते. टोपी घातलेले एक गृहस्थ म्हणाले, "तुम्ही आधी डोळ्यांचा नीट इलाज का नाही केलात?" त्या दिवशी आमचा नियम ठरला. गोष्ट ज्याची त्याने सांगायची, आणि ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही. आमच्या भागातल्या लोकांना हा नियम फार जड गेला, पण ते येत राहिले.

पुढच्या काही रविवारांत आणखी दोघी आल्या. एक भाजीवाली, शेजारच्या गावातली. ते गाव आता शहरातच आलंय. लहानपणी पोलिओ झालेला, काखेत कुबडी. पहाटे मंडईतून माल आणून ती बागेच्या कोपऱ्यावर बसायची. ती म्हणाली, "बस हाय, पर बसची पायरी माझ्या कमरंला लागती. कंडक्टर घंटी मारतो, म्या अजून एक पाय खालीच. मग म्या बी आतून वराडती, 'आवं, माझा दुसरा पाय यायचा हाय, थांबा!'" लोक हसले, ती पण हसली, आणि मग हसू पुसून म्हणाली, "रोज वराडावं लागतं, त्याचा कटाळा येतो."

दुसरी होती एक तरुण मुलगी. तिला ऐकू येत नव्हतं. ती आयटीत काम करायची. ती हातांनी सांगायची आणि तिची मोठी बहीण ते बोलून दाखवायची. लहानपणी घरी गणपतीत सगळे उभे राहून तोंड हलवायचे, म्हणून तिला वाटायचं की आरती म्हणजे सगळ्यांनी मिळून न दिसणारं काहीतरी खायचं. ती पण जोरात चावायची. "मग मिरवणुकीत ढोल वाजला," बहीण म्हणाली, आणि मुलीने दोन्ही तळवे पोटावर ठेवले. "तो मला इथे ऐकू आला. तेव्हा कळलं, हे सगळे जण काय करतात ते."

माझी पाळी मी पुढे ढकलत होते. शेवटी एका रविवारी बसले. मनात ठरवून आले होते की शाळेची सहल खडकवासल्याला गेली होती, तेव्हाची गंमत सांगायची. नवरा मागे थर्मास घेऊन उभा होता. मी तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं.

"मला उचलतात तेव्हा काय होतं ते सांगते. कुर्ता पाठीवर वर सरकतो. माझे दोन्ही हात त्याच्या गळ्यात असतात, त्यामुळे तो खाली ओढता येत नाही. सगळी माणसं चांगली आहेत, सगळी नजर वळवतात. पण इतक्या जणांनी एकदम नजर वळवली की तेही कळतंच. आत बसल्यावर मला परत जावंसं वाटलं तरी मी सांगत नाही, कारण पुन्हा उचलावं लागेल. लघवीला लागलं तरी सांगत नाही. सगळे म्हणतात, बागेत किती छान झाडं आहेत. मी आत गेले की झाडं बघत नाही. मी घड्याळ बघते."

भाजीवालीने पाण्याची बाटली पुढे केली, "पाणी प्या, ताई." मागे वळून बघायचा मला धीर होईना.

घरी आल्यावर त्याने खिचडी टाकली. कुकरची शिट्टी झाली, गॅस बंद केला, तरी तो ओट्याकडे तोंड करून उभाच.

"मला वाटायचं, तुला आवडतं," तो म्हणाला.

"तू जवळ घेतोस ते आवडतं. उचलावं लागतं ते नाही आवडत."

मग तोही बोलला. म्हणाला, मला उचलताना त्याला दर वेळी भीती वाटते. त्याने चपला सोडून बूट धरले ते पाय घसरू नये म्हणून. कंबर दुखते तेव्हा तो ऑफिसातून येताना औषधाच्या दुकानात थांबून गोळी घेतो आणि मगच घरी येतो.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? तुला जड वाटलं असतं."

"मी आहेच जड," मी म्हटलं.

आधी तो हसला, मग मी हसले, आणि मग आम्हा दोघांनाही डोळे पुसावे लागले. आजारपणानंतर एकमेकांसमोर आम्ही पहिल्यांदाच रडत होतो. तोवर तो न्हाणीघरात जाऊन रडायचा आणि मी तो ऑफिसला गेल्यावर.

पुढच्या रविवारी फाटकाशी आल्यावर त्याने हात पुढे केले नाहीत. "मी पण बाहेरच बसतो," म्हणाला आणि खाली वर्तमानपत्र पसरून बसला. त्यालाही काहीतरी सांगायचं होतं. त्याने तसं विचारलंही. त्या मुलीचे हात भरभर हलले. बहीण जरा संकोचून म्हणाली, "ती म्हणतेय, जरूर सांगा. पण आधी आमचं होऊ दे." नवऱ्याने मान हलवली. मला त्या मुलीचं कौतुक वाटलं आणि त्याचंही.

त्या दिवशी आमचं ठरलं. चौघांनाही कोणाच्या मदतीशिवाय जाता येईल तेव्हाच आत जायचं. मग हळूहळू फिरायला येणारेही आमच्यासोबत थांबायला लागले. जुळ्यांची बाबागाडी घेऊन एक आई आली, वॉकर घेऊन एक आजोबा आले. टोपीवाले गृहस्थ तर रोजचं चालणं सोडून आमच्या शेजारी उभे राहू लागले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दटावू लागले, "सल्ला द्यायचा नाही हं इथे!"

फाटकासमोरची गर्दी बघून अखेर बागेचं काम बघणारे एक तरुण इंजिनिअर आले. माणूस सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, पूर्वी फाटक मोकळंच होतं. पोरं मोटारसायकली घेऊन आत यायची. एका आजींना धडक बसली, म्हणून नळ्या लावल्या."

"आजींचं बरोबरच आहे," काका म्हणाले. "पण बसा आधी, एक गोष्ट ऐका. घाईत आहात का?"

तो घाईतच होता, तरी बसला. भाजीवालीने त्याला नळ्यांत अडकलेल्या कुबडीची गोष्ट सांगितली. मी माझी पुन्हा सांगितली. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं, तसं गेलं नाही. तो मान खाली घालून ऐकत होता. मग उठला, कुलूप लावलेल्या मोठ्या फाटकापाशी गेला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, "हेच उघडं ठेवलं तर? वॉचमन तसाही दिवसभर असतोच. त्याची खुर्ची इकडे सरकवू. मोटारसायकल आली तर तो अडवेल."

वॉचमनने तिथल्या तिथे नकार दिला. सावली नळ्यांच्या बाजूला होती, मोठ्या फाटकावर भर ऊन. त्याचंही खरंच होतं. आम्ही बागेतल्या सावलीसाठी भांडत असताना त्याला उन्हात बसवायचं कसं? म्हणून मग आधी त्याच्यासाठी पत्र्याचं छप्पर झालं आणि नंतर आमचा उतार, कारण मोठ्या फाटकातली खडी चढण ट्रॅक्टर चढायचा, पण खुर्ची चढली नसती. पहिला उतार इतका उभा होता की भाजीवाली त्याच्याकडे बघून म्हणाली, "ह्यो माणसांसाठी हाय का शेळ्यांसाठी?" तो फोडून पुन्हा केला. दुसऱ्या वेळी सिमेंट ओलं असतानाच त्यांनी आम्हाला बोलावलं, आणि इंजिनिअर मला विचारत होता, "हात भरून येतात का? अजून लांब करू का?" इतक्या वर्षांत कोणीतरी हे मलाच विचारत होतं, माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसाला नाही.

गटारावर झाकणं बसली. स्वच्छतागृहाच्या पायऱ्या अजून आहेत, त्यामुळे आमचे रविवार चालूच आहेत, फक्त आता ते आत, पिंपळाखाली भरतात. परवा नवऱ्याने पहिल्यांदा त्याची गोष्ट सांगितली. गोळी घेऊन घरी येण्याची. ती मुलगी त्याच्या ओठांकडे टक लावून बघत होती, आणि गोष्ट संपल्यावर तिने दोन्ही हात हवेत उंच हलवले. तिच्या भाषेत त्या टाळ्या असतात.

उतार झाला, झाकणं बसली, त्या संध्याकाळी मात्र आम्ही दोघंच आलो होतो. मी चाकं ढकलली, दम लागला, वर पोचले. मागून त्याने विचारलं, "मी येऊ का बरोबर?"

"तू तुझा फिर," मी म्हटलं. "आत भेटू."

मी पायवाट धरली आणि वळणावरून गेले. बांबूच्या बेटामागे एक बाक होता, त्याच्या शेजारी थांबले. एक खार खाली उतरली, मला बघून न बघितल्यासारखं केलं आणि तिच्या कामाला लागली. बऱ्याच वेळाने फोन वाजला.

"कुठे आहेस?"

"बागेत."

"बागेत कुठे?"

"शोध," मी म्हटलं आणि फोन ठेवून दिला.