सोशलमधला हॉकीचा फोटो

मंगळवार, ११ नोव्हेंबर २०२५. गुडघा दुखतो, म्हणून चर्चमध्ये सकाळच्या मिसाला गेले नाही. कोळीण मांदेली देऊन गेली. ॲमांडा आली की सोशलमध्ये जायचं. फ्लॉयडचा फोटो काढून घ्यायचा.

एवढं लिहून क्लॅरिसबाईंनी पेनाला टोपण लावलं. डायरीची सवय कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी लावलेली. लग्न झालं, नवरा इसिडोर गेला, तरी ती सुटली नाही. सकाळी करायचं ते लिहायचं, संध्याकाळी झालं ते.

सोशल म्हणजे त्यांच्या मरोळकडच्या गावठाणातला सोशल क्लब. इंग्रजांच्या काळात गावकऱ्यांनी वर्गणी काढून बांधलेला, कौलारू, लाकडी जमिनीचा. तिथे लग्नांच्या पंगती उठल्या, हाउजी रंगली, नाताळात बँडवर पहाटेपर्यंत नाच झाले. मग विश्वस्तांची आपसात जुंपली, कोर्टकचेरी झाली आणि दाराला टाळं लागलं. त्याला वीसेक वर्षं झाली. आता जागा बिल्डरकडे गेली होती. पुढच्या आठवड्यात पाडणार होते.

गावठाण हळहळत होतं, पण क्लॅरिसबाईंचा जीव त्या हॉलच्या एकाच भिंतीत अडकला होता. त्यांचा एकुलता एक मुलगा फ्लॉयड एकोणिसाव्या वर्षी काविळीनं गेला. घरातल्या अल्बमांचा, मुंबई बुडाली त्या सव्वीस जुलैच्या पुरात लगदा झाला. उरला फक्त क्लबातला हॉकी टीमचा फोटो, आणि त्याच्यावर टाळं. किल्लीसाठी त्यांनी दोन्ही गटांच्या विनवण्या केल्या. कोणी दाद दिली नाही.

पुरातून बचावलेल्या डायऱ्यांमध्ये फ्लॉयडचा ताप होता, परीक्षेचे मार्क होते, शेवटच्या दिवसांत त्यानं उलटून टाकलेली पेज होती. चेहरा नव्हता. पोटच्या पोराचा चेहरा कोण लिहून ठेवतं? हल्ली त्या डोळे मिटायच्या तेव्हा कधी त्याचे केस दिसायचे, कधी हनुवटी. सगळं मिळून फ्लॉयड काही व्हायचा नाही.

मागच्या गल्लीतली ॲमांडा बंद पडलेल्या थिएटरांचे, गिरण्यांचे फोटो काढत हिंडायची. तिनं बिल्डरच्या वॉचमनला, शिवदासला, पटवलं होतं.

"आंटी, तुम्ही बाहेरच बसा ना. आत साप निघाला तर?" ॲमांडा क्लबाच्या दारातच म्हणाली.

"साप क्लबाचा मेंबर आहे काय? मी आहे."

शिवदासला हसू आलं. "चला आजी. पण भिंतीच्या कडेकडेनं चाला. मधल्या फळ्या कुजल्यात."

आत कबुतरांच्या विष्ठेचा वास कोंडला होता. कौलं फुटली होती तिथून उन्हाचे पट्टे उतरले होते. स्टेजवर नाताळातली पत्र्याची चांदणी उलटी पडली होती.

"काय लाइट आहे यार!" ॲमांडा गुडघ्यावर बसून क्लिक करत सुटली. "आंटी, झकास! एकदम झकास!"

क्लॅरिसबाईंची नजर कोपऱ्याकडे गेली. इसिडोर सरबताचं टेबल सांभाळायचा, तिथे पिंपळ उगवला होता. ॲमांडानं त्याचेही चार फोटो घेतले.

फ्रेमा जागच्या जागी होत्या. शिवदास फडक्यानं एकेक काच पुसू लागला. जुने अध्यक्ष निघाले, पत्त्यांच्या स्पर्धेचे विजेते निघाले, फेटेवाले बँडवाले निघाले. सगळ्यांचे चेहरे शाबूत. क्लॅरिसबाईंना धीर आला. त्या नावं घेऊ लागल्या, मेलेल्यांना हाका माराव्यात तशा.

मग हॉकीची टीम निघाली. उजवीकडून पोरं लागली, हसरी, भांग पाडलेली. डावीकडच्या टोकाला, फ्लॉयडच्या जागी, बूट होते, मोजे होते, स्टिक धरलेला हात होता. त्याच्या वर वाळवीची माती.

"बाकीच्यांना काय नाय झालं," शिवदास म्हणाला, "ह्यालाच कशी लागली?"

त्यानं फ्रेम उतरवून उलटी केली. मागून वाळवीनं पोखरलेल्या सुक्या पात्यांचा जुडगा पडला आणि भुगा होऊन पसरला.

ॲमांडानं कॅमेरा खाली घेतला. तिला कोणी सांगायची गरज नव्हती. ईस्टरआधीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित झावळीचा क्रूस घरोघरी तसबिरीमागे खोचतात. पुढच्या वर्षी ती देवळात, म्हणजे चर्चमध्ये, परत द्यायची, तिथे जाळून राखेच्या बुधवारी कपाळाला लावायची राख करतात. घरच्या झावळ्या क्लॅरिसबाई नेमानं परत देत. फ्लॉयडच्या नावाचं काही जळावं, हे मात्र त्यांना सोसवेना. म्हणून क्लब उघडा होता तोवर दर वर्षी या फोटोमागे नवी झावळी खोचली आणि जुनी तिथेच राहू दिली.

"आंटी, भिंतीला ओल होती ना..."

"ओल सगळ्या भिंतीला होती."

त्यांनी फ्रेम मांडीवर घेतली. बोटानं माती खरवडून पाहिली. खाली कागद नव्हताच, मागचा पुठ्ठा होता.

"आता सगळं करता येतं," ॲमांडा हळूच म्हणाली. "कम्प्युटर भरून देतो. नाक इसिडोर अंकलसारखं होतं की तुमच्यासारखं? कोणाचाही एक फोटो द्या, मी बनवून आणते."

"म्हणजे कोणाचातरी चेहरा लावणार?"

"अंदाजानं, आंटी."

"अंदाज माझ्याकडे पण आहे, बाय."

ॲमांडानं तरी त्या फ्रेमचा फोटो काढला. क्लॅरिसबाईंनी अडवलं नाही. फ्रेम घरी न्यायची का, असं शिवदासनं विचारलं तेव्हा त्यांनी नकारार्थी मान हलवली. घरी वाळवी लागेल, म्हणाल्या. पदराला हात पुसून त्या भिंतीच्या कडेकडेनं बाहेर आल्या.

संध्याकाळी डायरी उघडली. आजवर लिहिला नाही तो चेहरा निदान शब्दांत तरी उतरवावा, म्हणून त्यांनी 'डोळे' असं लिहिलं. पुढे रंग लिहायचा होता. बराच वेळ पेन कागदावर टेकून राहिलं, तिथे शाईचा ठिपका पसरला. रंग आठवेना. त्यांनी शब्द खोडला, आणि खालच्या ओळीत लिहिलं:

पाणी कमी दाबानं आलं. पिंप अर्धंच भरलं.