पाण्यातले पात्रांव

साहेब कुठे आहेत, असं आमच्या बागेच्या कचेरीत कुणी विचारलं की शिपाई खिडकीबाहेर बोट दाखवून म्हणायचा, "पाण्यात." डिचोलीकडच्या त्या सरकारी वनस्पती-उद्यानाचे मुख्य अधिकारी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून साळकांच्या तळ्यात उभे असत. साळक म्हणजे आमच्याकडची पाण्यातली लिली. मी तिथला कारकून. सहीसाठी मला काठावर जावं लागे. एकदा फाइल माझ्या हातून तळ्यातच पडली. "ऱ्हांव दी," ते म्हणाले, "ती तशीय बुडपाचीच होती."

ते सगळ्यांना 'पात्रांव' म्हणत. म्हणजे मालक. पणजीहून आलेल्या वरिष्ठांनाही आणि तळ्यातल्या बेडकालाही. शेवटी ते नाव त्यांनाच चिकटलं.

निळ्या साळकांच्या तळ्यात त्यांनी एक शिल्प बसवून घेतलं होतं: पाण्यात पाय सोडून बसलेली जांभ्या दगडाची बाई. "बागेतल्या पुतळ्यांत सगळ्या बायकांच्या माथ्यार कळशी," ते म्हणत. "एकीन तरी बसान घेवंचा!" ती निळी साळकं त्यांनी हळर्णहून, आपल्या गावच्या तळीतून कंद आणून वाढवली होती. निवृत्ती तोंडावर आलेली. जाण्याआधी तळं एकदा काठोकाठ निळं दिसावं, एवढीच त्यांची हौस.

त्या हौशीत मी माती कालवली. बागेच्या माहितीपत्रकासाठी फोटो काढायचा होता. बाई जरा आपली वाटावी म्हणून मी तिला ठसठशीत कुंकू लावलं, अबोलीचा वळेसर माळला, फोटो काढला आणि पुसायचं विसरून घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या चपला काठावर उतरल्या. मग नारळ आला. मग उदबत्ती. मग शेजारच्या वाड्यावरच्या शेवंतीकाकीने हात लांबवून निळं साळक खुडलं आणि बाईला वाहिलं. झालं! आठवडा सरायच्या आत तळ्यात नुसती पानं. 'फुले तोडू नयेत' असा फलक मी लावला, तर त्यालाही कुणीतरी हळद लावली.

"कुंकू पुसून टाकू?" मी विचारलं.

"सवाशिणीचा कुंकू पुसतलंस?" पात्रांव कडाडले. "लोक तुका हंयच पुरतले. खत म्हणून!"

पण त्यांचं घराणं गुरवाचं. रविवारी त्यांनी सगळ्यांना काठावर बोलावलं आणि बाईच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवली. देवळात देवाचा कौल घेतात, तसा.

"बाये, उजवी पडली तर तुझी फुलां पाण्यातच ऱ्हवतली. डावी पडली तर..."

"तर?" शेवंतीकाकीने विचारलं.

"तर मी स्वतः तोडून दितलंय."

सगळे हात जोडून उभे. पाकळ्या हलेनात. जांभा खरबरीत, त्यात वारा नाही. पात्रांव डोळे मिटून पुटपुटत होते. डावी पाकळी किंचित सुटल्यासारखी दिसली. नीट बघायला मी वाकलो, शेवाळावरून पाय सटकला आणि धबाककन तळ्यात! पाणी उसळून बाईच्या अंगावर गेलं. उजवी पाकळी पडली.

"ह्या चलता?" शेवंतीकाकीने कमरेवर हात ठेवले.

"देवीन ओढलो त्याका! बघूक नाय तू?" पात्रांव म्हणाले.

काकीने मला निरखलं. डोक्यावर साळकाचं पान, तोंडात चिखल. "ह्याका ओढून तिका काय गावतला?" ती म्हणाली. पण उजवी ती उजवी. तिने हात जोडले, आणि तिच्यामागे सगळ्यांनी.

निवृत्तीच्या दिवशी पात्रांव तळ्यात उभे होते, ते निळ्या साळकांत कमरेपर्यंत दिसतच नव्हते. निरोपाचं भाषण त्यांनी तिथूनच केलं आणि ओल्या विजारीनेच हळर्णची बस धरली.

नवे साहेब बुटातले. पहिल्याच पाहुण्यांसाठी त्यांनी निळ्या साळकांचा गुच्छ करायला सांगितला. माळी वाकला मात्र, काठावरून शेवंतीकाकी गरजली, "हात लाव बघू! कौल झालोहा बाईचो!" साहेबांनी निमूट डिचोलीच्या बाजारातून झेंडू मागवला.

मी लगेच पात्रांवांना फोन केला. सगळं ऐकून ते हसत सुटले.

"अरे पात्रांव, मगे आता माका तरी एक तोडूक दितली मरे काकी?"

मी काकीला विचारून आलो. नाही म्हणाली.