बुटक्या खिडक्यांची खोली

भागूबाईचं अर्धं आयुष्य शहरातल्या एका खासगी दवाखान्यात आयाचं काम करण्यात गेलं. नवऱ्यानं दुसरी केली, पोटी लेकरू नव्हतं. मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत राहायची आणि म्हणायची, "म्हातारपण रानात काढीन, हितं नाय."

रान बापाचं, बिडकीनच्या अलीकडं. बाप गेल्यावर तिनं आपला हिस्सा धाकट्या भावाला, सर्जेरावला, सोडून दिला होता. माहेर तुटू नये म्हणून बहिणी देतात तसाच. म्हणून विहिरीजवळच्या पडीक तुकड्यावर खोली बांधू का, असं तिनं विचारलं तेव्हा सर्जेराव म्हणाला, "अक्का, इचारतीस काय? रान तुझंच हाय."

खोली तिनंच आखली. जमिनीवर राखेच्या रेघा ओढल्या, आत सतरंजी टाकून आडवी झाली, उठली, रेघा मोडून पुन्हा ओढल्या. एक खोली, कोपऱ्यात चूल आणि मोरी, पुढं पडवी. दगड बांधावरचे. खिडक्या शहरात पाडलेल्या घरांच्या, भंगारातून निवडलेल्या. ऊन उतरू नये म्हणून पत्र्याखाली तुराट्यांचा, तुरीच्या वाळक्या काड्यांचा, जाड थर. गवंडी कडुबाला त्या खिडक्या काही पटेनात.

"एवढ्या खाली? गुडघ्याला लागत्याल की!"

"लागू दे. दवाखान्यात निजलेल्या माणसाला नुसतं छत दिसतं. मला निजल्या निजल्या रान दिसाया पायजे."

सुट्टीच्या दिवशी ती जायची, चिखल तुडवायची, हातानं भिंती लिंपायची. दोन उन्हाळे असे गेले. तिसऱ्या उन्हाळ्यात ती पहिल्यांदा आत निजली. बाहेर दगड तापलेले आणि आत गारवा. खिडकीतून तुरीच्या धसकटांत पिल्लं घेऊन हिंडणारी टिटवी दिसली. दिवाळीपर्यंत नोकरी सोडायची, असं तिनं तिथंच ठरवलं.

पोळा झाला आणि सर्जेरावचा फोन आला.

"अक्का, रान इकलं."

तिला आधी कळेचना. "आन् खोली?"

"तिच्यामुळंच तर गिऱ्हाईक पटलं. आयतं फार्महाऊस म्हणाले."

"मी कुठं जाऊ रं?"

"आमचं घर हाय की," तो म्हणाला. मागून भावजयीचा आवाज मात्र आला नाही.

वकिलानं कागद मागितला. कागद कुठला? भावाचा शब्द होता. गावातली माणसं उलट तिलाच म्हणाली, "सख्ख्या भावाला कोर्टात वढतीस व्हय?" ती भांडी आणि अंथरूण आणायला गेली, तर नवीन मालकाची माणसं पडवीत टेप धरून मापं घेत होती. कुणी विचारलंसुद्धा नाही, ही बाई कोण.

थंडीत सर्जेरावचा पुन्हा फोन. मालकाला पाहुण्यांसाठी तसल्याच अजून दोन खोल्या पाहिजे होत्या. कडुबाला तुराट्यांचं नीट जमत नव्हतं.

"तेवढं येऊन दाखव ना, अक्का. तुझं नाव सांगितलंय मी त्यांना."



"मला काय कळतंय त्यातलं," ती म्हणाली. "मी आया हाय."

फोन तिनंच ठेवला. पुढच्या भाऊबीजेला तिनं दवाखान्यात डबल ड्यूटी मागून घेतली.