गोचिडीवरची सभा

आमच्या दूध सोसायटीचे सचिव साध्या बोलण्यातही सभा भरवत. चहा प्यायचा तरी "सूचक मी, अनुमोदक कोण?" असं विचारत आणि कुणीतरी हात वर केल्याशिवाय कपाला तोंड लावत नसत.

त्या दुष्काळात आमची जनावरं चारा छावणीत होती. एका सकाळी तिथं माझ्या तीन वर्षांच्या लेकीच्या कानामागं गोचीड चिकटलेली दिसली. पोरगी रडायला लागली तशी माणसं जमली, सचिवही आले. एकजण रॉकेल लावा म्हणाला, दुसरा तर पेटती बिडी घेऊनच पुढं आला.

"भाऊ, मी चिमट्यानं काढते, पण आधी ह्यांना हटवा," बायको सचिवांना म्हणाली.

सचिव मध्ये उभे राहिले. "बिडी मागं घे बे! आधी चर्चा. रॉकेलवाले इकडं, बिडीवाले तिकडं. रॉकेलच कावून, त्याचं कारण सांगा."

दोन्ही बाजूंचं असं काही जुंपलं की पोरीकडं कुणाचं लक्षच राहिलं नाही. तेवढ्यात बायकोनं गोचीड कातडीलगत चिमट्यात धरून सरळ ओढली, लांब फेकली आणि जागा साबणानं धुतली.

पोरीनं कानामागं चाचपून पाहिलं. मग दुप्पट जोरानं ओरडली, "माझी गोचीड कुठंय?"

सचिव गुडघ्यांवर बसले आणि बराच वेळ धूळ चाळत राहिले. शेवटी त्यांनी जनावरांच्या खुराकातली एक सरकी तिच्या हातावर ठेवली.

"ही घ्या बाईसाहेब. मेलेली हाय, पण तुमचीच हाय."

लेकीनं मूठ घट्ट मिटली.