न्हाणीच्या भिंतीतल्या मुंग्या

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वाचून हसते. भूत, करणी, बाहेरचं... यावर माझा कधी विश्वास नव्हता. पंच्याऐंशी उलटली, अजूनही नाही. तरी हे लिहिते आहे, कारण ज्यांच्याबद्दल आहे त्यातलं आता कोणी उरलं नाही, मी सोडून.

माझं माहेर रावेर तालुक्यातलं, सासर बऱ्हाणपूरला, राजपुऱ्यात. मी लग्न होऊन आले तेव्हा नवा मध्य प्रदेश नुकताच झाला होता. आमचे हे तहसील कचेरीत क्लार्क. आजवर नागपूरला जाणारे कागद भोपाळला जायला लागले होते, आणि हे रोज संध्याकाळी सरकारी हिंदी घोटत बसायचे. माझं माहेर मुंबई राज्यात आणि सासर मध्य प्रदेशात, म्हणून सासरे मला चेष्टेने "परराज्यातली" म्हणायचे. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. घरात आम्ही तिघंच.

घर जुनं, पण घरात वीज होती! माझ्या माहेरी कंदील. इथे बटन खाली केलं की उजेड. मला त्याचं इतकं अप्रूप होतं की पहिले काही दिवस मी उगीच बटनं खालीवर करायचे. वायरिंग सासऱ्यांच्या तरुणपणातलं... लाकडी पट्ट्यांतून नेलेल्या कापड गुंडाळलेल्या वायरी, आणि वर पितळी टोपीची गोल बटनं. न्हाणीतलं बटन मात्र हात ओला असला की चावायचं. फार नाही. कोपरापर्यंत झिणझिण्या, बस्स.

मी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "बाबांना बोलू नकोस. ते घाबरट आहेत, वीजच तोडून टाकतील."

मला कंदिलाकडे परत जायचं नव्हतं. मी न्हाणीतल्या खुंटीवर एक कोरडं फडकं टांगलं. फडक्याने बटन लावायचं, फडक्याने बंद करायचं. झालं काम. सासरे दिवसाउजेडीच आंघोळ उरकायचे, त्यांना बटन लागायचंच नाही. वर्षभर असंच चाललं.

त्या वर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माझी नणंद आली. कमलअक्का, ह्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, इच्छापूरला दिलेली. अक्काच्या हातचे मांडे म्हणजे... काय सांगू! पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर झुलवत झुलवत ती असा पसरायची की पलीकडचं माणूस दिसावं, आणि अल्लद खापरावर टाकायची. इच्छापुरात कुणाकडे लग्न निघालं की आधी अक्काला निरोप जायचा. तिला त्याचा अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

मी हौसेने एक मांडा करायला घेतला. तो हातावरच फाटला, पुरण चुलीत. अक्का सगळ्या शेजारणींसमोर हसली, "राहू दे वं शालू, तू आपली भाकरीच थाप!"

एवढंच. थट्टा होती. मला झोंबली.

दिवेलागणीला अक्का पिठाचे हात धुवायला न्हाणीकडे गेली. मी दाराशीच तांब्या घासत होते. आत अंधार होता. तिने हात धुतले आणि बटनाकडे वळली. "अक्का, फडक्याने लावा," हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. आणि मनात आलं... एकदा हिलाही झटका बसू दे की. जरा उडू दे.

मी गप्प राहिले.

अक्का उडली नाही. चिकटली. तिच्या तोंडून आवाजसुद्धा फुटेना. मी पळत ओसरीवर गेले आणि मेन स्विच खाली ओढला, तेव्हा ती सुटून खाली पडली.

जीव वाचला. पण उजव्या हाताची तीन बोटं गेली... म्हणजे होती जागेवर, पण त्यांना काही कळत नव्हतं. टाचणी टोचली तरी नाही. गोळा धरायला गेली की निसटायचा. डॉक्टर म्हणाले, नस मेली.

वायर जुनी, त्यात उंदरांनी कुरतडलेली, म्हणून झालं, असं सगळ्यांनी ठरवलं. हे माझ्याकडे बघून खाली बघायचे. तेही बोलले नाहीत, मीही नाही. आणि मी काय केलं होतं सांगते – अक्काला अंगणात खाटेवर निजवलं होतं, घर माणसांनी भरलं होतं, तेव्हा मी न्हाणीत जाऊन ते फडकं काढलं आणि चुलीत घातलं.

सासऱ्यांनी सगळं वायरिंग नवीन करून घेतलं. बऱ्हाणपूरच्याच लालबागेतून हनीफ मिस्त्री आला. चांगला कारागीर. एकूण एक जुनी वायर ओढून काढली, परसात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून अर्थिंग केलं, न्हाणीचं बटन बाहेर ओसरीत आणलं. जुन्या बटनाची जागा चुन्याने लिंपून टाकली.

पंधरा दिवसांनी भिंत पुसताना माझा ओला हात त्या लिंपलेल्या जागी लागला.

झिणझिण्या. कोपरापर्यंत. अगदी तशाच.

मिस्त्रीला बोलावलं. त्याने दोन वायरींचा बल्ब लावून सगळी भिंत तपासली. बल्ब पेटला नाही. मग मेन बंद करून तो म्हणाला, "अब छू के देखो, बाई." मी हात लावला. झिणझिण्या होत्याच. त्याने स्वतः हात लावला, काही नाही. ह्यांनी लावला, काही नाही. शेवटी त्याने चुना खरवडून काढला. आत नुसती वीट. "बाई, इस दीवार में कुछ है ही नहीं," तो म्हणाला, आणि जरा विचित्र नजरेने माझ्याकडे बघून निघून गेला.

मग मला खोडच लागली. रोज दुपारी, सासरे आडवे झाले की मी न्हाणीत जायचे आणि तिथे हात ठेवायचे. शिक्षा म्हणा. सोसवेल तितका वेळ ठेवायचे. मार्गशीर्षात भावाच्या लग्नाला माहेरी महिनाभर राहिले, तेवढाच खंड.

पुढच्या आखाजीला अक्का आली. मांडे मीच केले, जाडेभरडे. ती बाजूला बसून सांगत होती, कसं पसरायचं ते. दुपारी ओसरीत बसलो असताना म्हणाली, "शालू, एक गंमत सांगू? डॉक्टर म्हणतात ही बोटं मेली. पण रोज दुपारी यांच्यात मुंग्या येतात. इथून कोपरापर्यंत. मध्ये मार्गशीर्षात महिनाभर बंद होत्या, मला वाटलं गेलं आता. पुन्हा सुरू झाल्या."

मी हातातली सुपारी तशीच खाली ठेवली.

"आलेच," म्हणून मी उठले. न्हाणीत गेले, भिंतीला हात लावला. ओसरीतून आवाज आला, "शालू! आल्या बघ!" हात काढला. "गेल्या!" परत लावला. "माय वं, आल्या!"

तिसऱ्यांदा लावायचं धाडस झालं नाही. बाहेर आले, तिच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. चावणारं बटन, फडकं, जिभेवर आलेले शब्द... आणि ते का गिळले तेही.

अक्काने उजव्या हाताची बोटं डाव्या हातात धरली. मग म्हणाली, "फडकं मला अंधारातही दिसलं होतं. धुतलेलं, पांढरं. म्हटलं कशाला खराब करा, म्हणून हात नाही पुसले."

ती रडली नाही, रागावली नाही. डाव्या हाताने माझ्या डोक्यावर थोपटलं. "सांगितलंस, बरं केलंस," म्हणाली.

त्या रात्री मला वर्षभरात पहिल्यांदा शांत झोप लागली. दुसऱ्या दिवशी भिंतीला हात लावला. काही नाही. थंड वीट. मला वाटलं, सुटले. देवाने माफ केलं.

दोन महिन्यांनी इच्छापूरला गेले. अक्का ओट्यावर बसली होती, उजवा हात मांडीवर ठेवून. इकडचं-तिकडचं बोलणं झाल्यावर हळूच म्हणाली, "शालू, मुंग्या थांबल्या गं. तुमच्याकडून आले त्या दिवसापासून."

"बरं झालं ना अक्का," मी म्हटलं.

"बरंच झालं म्हणायचं," ती म्हणाली. "पण या हाताला तेवढंच कळत होतं."

घरी परतल्यावर मी लुगडंसुद्धा न बदलता न्हाणीत गेले. ओला हात, कोरडा हात, दोन्ही हात. मेन चालू, मेन बंद. भिंतीला कपाळ टेकवून पाहिलं. काही म्हणजे काही नाही.

पुढे किती वर्षं मी रोज दुपारी ती भिंत धरून उभी राहिले. अक्का दर आखाजीला आली की ओसरीत बसायची. एकदा तरी विचारायची, "लावतेस का गं हात?"

"लावते अक्का, रोज."

ती आपल्या बोटांकडे बघायची. मग म्हणायची, "नाही येत."

ते काय होतं, मला माहीत नाही. नातवंडांपैकी एक इंजिनियर आहे, त्यालाही विचारलं. तो म्हणतो, मनाचे खेळ. असतील. पण एका मनाचे खेळ दुसऱ्याच्या बोटांना कसे कळत होते? आणि मी बोलून मोकळी झाले त्याची किंमत तिच्या हाताने का मोजली, हे विचारायला आता अक्का नाही.